पाणी खारट लागत नाही, तरी अहवालात ‘सलाइन’ कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोअरच्या पाण्याच्या तपासणी अहवालात शेऱ्याच्या रकान्यात ‘सलाइन’ असं लिहून आलं. शब्दकोशात अर्थ मिळाला ‘खारट, क्षारयुक्त’. पण पाणी चाखून पाहिलं तर ते खारट लागत नाही, नुसतंच जड लागतं. क्षारयुक्त म्हणजे अल्कलीच ना, तर सामू (पीएच) ७.४ आहे, म्हणजे त्याला अल्कधर्मीही फारसं म्हणता येत नाही. मग प्रयोगशाळेनं चुकीचा शब्द वापरला का? हे पाणी झाडांना चालेल का? आणि रुग्णाला लावतात त्या सलाइनशी याचा काही संबंध आहे का? सोबत आकडे दिले आहेत: विद्युत वाहकता २१५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस १३९८, कठीणपणा ६२०, क्लोराइड १८० आणि सल्फेट ४२०, हे चारही मिलिग्रॅम प्रति लिटर.

पाणी आणि माती तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि हा शेरा माझ्या अहवालांतही असतो. तो वाचून लोक जे विचारतात, त्यात हा गोंधळ सर्वांत जास्त असतो. तुमच्या अहवालातला शब्द चूक नाही, फक्त तो एकटा अपुरा आहे.

अडचण अशी की आपण तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबतो. जिभेला काय लागतं, हा पहिला. पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत, हा दुसरा. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हा तिसरा. ‘सलाइन’ हा शब्द शास्त्रात फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्याचं उत्तर चव देते आणि तिसऱ्याचं सामू. तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असा काही नियम नाही, आणि तुमच्या पाण्यात ती जुळत नाहीत.

आधी चवीचं पाहू. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘सलाइन’ आला. त्यामुळे मूळ अर्थ ‘मिठाचं’ असाच आहे. पण रसायनशास्त्रात मीठ हा एक पदार्थ राहिला नाही, ते एक मोठं कुटुंब झालं. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जे तयार होतं ते सगळे क्षार. सोडियम क्लोराइड त्यातला फक्त एक. मॅग्नेशियम सल्फेट हाही क्षारच, पण तो कडू. पोटॅशियम क्लोराइड खारट लागतं आणि मागे कडवटपणा ठेवतं. लेड ॲसिटेट हा शिशाचा क्षार चक्क गोड लागतो आणि तो विषारी आहे. लिथियम क्लोराइड खारट लागतं म्हणून १९४० च्या दशकात अमेरिकेत ते मिठाला पर्याय म्हणून विकलं गेलं. त्यातून विषबाधा आणि मृत्यू झाले, आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. चवीवरून क्षार ओळखायचा नाही, हा नियम प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात तो उगाच नाही.

जिभेला जो स्वच्छ खारटपणा कळतो तो मुख्यतः सोडियम आयनामुळे. रुचिकलिकांमधल्या काही पेशींच्या आवरणात सोडियमला आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात, तिथून ही जाणीव सुरू होते. त्या सोडियमच्या जोडीला कोणता ऋण आयन आहे यावरही चव बदलते. क्लोराइडबरोबर सोडियम ठसठशीत खारट लागतं, ॲसिटेटसारख्या मोठ्या आयनाबरोबर तेवढंच सोडियम फिकं लागतं.

आता तुमचे आकडे घ्या. क्लोराइड १८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्लोराइडची चव साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटरपासून कळायला लागते, सोबत कोणता धन आयन आहे त्यावर आकडा खालीवर होतो. म्हणजे तुम्ही उंबरठ्याच्या अलीकडे आहात. सल्फेट ४२० आहे. सोडियमबरोबर असेल तर सल्फेट २५० च्या आसपास जाणवतं, पण कॅल्शियमबरोबर असेल तर १००० पर्यंतही जाणवत नाही. तुमचा कठीणपणा ६२० आहे, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. म्हणून पाणी जड लागतं आणि खारट लागत नाही. तुमची जीभ बरोबर सांगते आहे, फक्त तिला वेगळी गोष्ट विचारली गेली होती.

इथे एक हिशेब करून दाखवते, कारण अहवाल नुसता वाचण्यापेक्षा तपासून पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. नैसर्गिक पाण्यात वाहकतेच्या आकड्याला १०० ने भागलं की धन आयनांची अंदाजे बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विद्युत भारावरून आयन मोजायच्या एककात, मिळते. तुमच्याकडे ती साडेएकवीसच्या आसपास येते. कठीणपणा ६२० ला ५० ने भागलं की १२.४ येतात, हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. उरले सुमारे नऊ. पोटॅशियम भूजलात सहसा थोडंच असतं, म्हणून हे जवळजवळ सगळं सोडियम धरायचं: लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम. अहवालात सोडियम दिलेलं नाही, तरी ते कुठे असावं याचा अंदाज असा बांधता येतो. क्लोराइड १८० ला ३५.५ ने भागलं तर फक्त ५.१ येतात. म्हणजे सोडियमच्या वाट्याला पुरेसं क्लोराइडच नाही. बाकीचं सोडियम सल्फेट आणि बायकार्बोनेट यांच्या सोबतीत आहे, आणि तिथे ते तितकंसं खारट लागत नाही.

मग ‘सलाइन’ म्हणायची सीमा कुठे? ही मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची वर्गवारी बरीच वापरली जाते: १००० मिलिग्रॅमपर्यंत गोडं पाणी, १००० ते ३००० किंचित सलाइन, ३००० ते १०,००० मध्यम, आणि १०,००० ते ३५,००० तीव्र. त्या मापानं तुमचं १३९८ ‘किंचित सलाइन’मध्ये पडतं आणि शेरा बहुधा अशाच एखाद्या तक्त्यावरून आला असावा. ‘किंचित’ हा शब्द गाळला गेला, आणि तुमची अर्धी काळजी त्या गाळलेल्या शब्दामुळे आहे. समुद्रशास्त्रज्ञ हेच पाणी पाहून गोडं म्हणेल, कारण त्याच्या कामात किलोला ३५ ग्रॅम हा नेहमीचा आकडा आहे आणि तुमच्या पाण्यात दीड ग्रॅमही नाही. माती तपासणारा आणखी तिसरंच मोजमाप काढेल. म्हणून शब्दाच्या शेजारी आकडा, एकक आणि कोणती वर्गवारी वापरली ते लिहिलेलं नसेल, तर ‘सलाइन’ या शब्दावरून कोणताही निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पिण्याच्या दृष्टीनं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेनं टीडीएससाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेली नाही. सुमारे ६०० च्या खाली पाणी चवीला चांगलं, आणि १००० च्या वर ते उत्तरोत्तर नकोसं होतं, असं त्यांचं म्हणणं. तो निकष चवीचा आहे. ज्यांना सोडियम कमी घ्यायला सांगितलं आहे त्यांनी मात्र सोडियमचा आकडा डॉक्टरांना दाखवावा. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते: सलाइन या शब्दातून जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक यांच्याबद्दल काहीच कळत नाही. ती तपासणी वेगळी. टीडीएस कमी आहे म्हणून पाणी सुरक्षित, हा समज मला फार धोकादायक वाटतो.

टीडीएसच्या आकड्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. २१५० ला ०.६५ ने गुणून पाहा: १३९७.५. तुमच्या अहवालात १३९८ आहे. म्हणजे क्षार कोणी वजन करून मोजलेले नाहीत, वाहकतेवरून गुणून काढले आहेत. यात फसवणूक नाही, सगळीकडे असंच चालतं. हातात धरायचं टीडीएस मीटरही नेमकं हेच करतं. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि आतल्या ठरावीक गुणकानं गुणून आकडा दाखवतं. पण तो गुणक पाण्यागणिक साधारण ०.५ पासून ०.७ च्या पुढेपर्यंत बदलतो. तापमानाचाही प्रश्न असतो: एका अंश सेल्सियसला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून ती नेहमी २५ अंशाला आणून सांगायची असते. आणि विजेला फक्त आयन दिसतात. ऊर्ध्वपातित पाण्यात साखर विरघळवली तर मीटर जवळजवळ शून्यच दाखवेल, कारण साखरेचे आयन होत नाहीत. खरं वजन हवं असेल तर गाळलेलं पाणी आटवून, उरलेला अवशेष १८० अंश सेल्सियसला वाळवून तोलतात. त्यातही बायकार्बोनेटचा काही भाग तापवताना कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन उडून जातो, त्यामुळे तुमच्यासारख्या पाण्यात तोललेला आकडा १३९८ पेक्षा बराच कमी आला तरी नवल वाटू देऊ नका.

समुद्राच्या पाण्याबाबत हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार सुंदर रीतीनं सोडवला, आणि ‘सलाइन’ हा शब्द मोजमापाचा कसा झाला ते तिथेच कळतं. समुद्राचं पाणी नुसतं आटवून क्षार तोलायला गेलं तर आकडा नीट येत नाही. शेवटचं पाणी सोडवताना मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार विघटन पावतात आणि काही क्लोरीन निघून जातो. १८१९ मध्ये अलेक्झांडर मार्सेट यांनी निरनिराळ्या समुद्रांचं पाणी तपासून असं मांडलं की क्षारांचं एकूण प्रमाण कमीजास्त असलं तरी त्यांचं आपसातलं गुणोत्तर सारखंच राहतं. पुढे १८७२ ते १८७६ या काळातल्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या मोहिमेत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ मध्ये तेच सिद्ध झालं. खुल्या महासागराच्या पाण्यातल्या क्षारांत वजनानं सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३१ टक्के सोडियम असतं, त्यानंतर सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचा क्रम लागतो.

गुणोत्तर ठरलेलं असेल तर एकच घटक मोजून बाकी सगळं काढता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन क्नुडसेन यांच्या पुढाकारानं हीच पद्धत रूढ झाली: सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराइड मोजायचं आणि सूत्रातून एकूण लवणता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, काढायची. नंतर वाहकता मोजणं सोपं आणि जास्त अचूक झालं, आणि १९७८ ची व्यावहारिक लवणता मोजपट्टी आली. तिच्यात नमुन्याच्या वाहकतेची तुलना पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाणित द्रावणाशी करतात, त्या द्रावणात किलोला ३२.४३५६ ग्रॅम क्षार असतो. दोन वाहकतांचं गुणोत्तर असल्यामुळे या लवणतेला एककच नाही. ‘लवणता ३५’ एवढंच लिहायचं, पुढे ग्रॅम किंवा टक्के लावायचे नाहीत. २०१० पासून निरपेक्ष लवणता पुन्हा ग्रॅम प्रति किलोमध्ये सांगायची पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात व्यावहारिक ३५ म्हणजे सुमारे ३५.१७ ग्रॅम. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

हे इतक्या विस्तारानं सांगायचं कारण तुमच्या बोअरशीच जोडलेलं आहे. समुद्रात गुणोत्तर ठरलेलं असतं, म्हणून एका आकड्यावर भागतं. भूजलात ते ठरलेलं नसतं. पाणी कोणत्या खडकातून मुरलं, किती काळ साचून राहिलं, वर कोणती खतं पडली, यावर त्यातल्या क्षारांचं मिश्रण ठरतं. १३९८ आकड्याचं एक पाणी सोडियम क्लोराइडचं असू शकतं आणि दुसरं कॅल्शियम सल्फेटचं. दोन्ही ‘सलाइन’, पण चव वेगळी, साबणाला फेस येणं वेगळं, भांड्यावर बसणारा थर वेगळा आणि मातीवरचा परिणाम तर अगदीच वेगळा. समुद्रासारख्या खाऱ्या जलाशयांतही हे दिसतं. मृत समुद्राची लवणता महासागराच्या साधारण दहापट आहे, पण त्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड प्रमुख आहे, त्यामुळे ते फक्त जास्त खारट नसून जहाल कडू आहे.

आता मराठीतला खरा घोळ, ‘क्षार’ या शब्दाचा. आपल्या शालेय विज्ञानात सॉल्टला क्षार म्हणतात, बेसला आम्लारी आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण आणि क्षार म्हणजे अल्कली. त्यात आयुर्वेदातला जुना क्षार आहे, यवक्षारासारखा वनस्पतींच्या राखेतून काढलेला, आणि तो स्वभावानं दाहक व अल्कधर्मी असतो. म्हणजे तुम्ही ‘क्षारयुक्त म्हणजे अल्कलीच ना’ असं विचारलंत ते निराधार नाही. शब्दाला ती छटा खरोखरच आहे. पण आजच्या मराठी शास्त्रीय लिखाणात क्षारयुक्त म्हणजे सॉल्ट असलेलं, आणि भूगोलाच्या पुस्तकातली सागरजलाची क्षारता म्हणजे सॅलिनिटी. मी स्वतः अहवालात ‘लवणता’ आणि ‘लवणयुक्त’ लिहिते, कारण त्यात अल्कलीचा संशय राहत नाही. ‘क्षारीय’ हा शब्द तर मी पूर्ण टाळते. वाचणारा तो कोणत्या अर्थानं घेईल याची काहीच खात्री देता येत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. मातीत त्याची किंमत मोजावी लागते. शेतीच्या मराठीत दोन चांगले वेगळे शब्द आहेत: क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन. क्षारयुक्त म्हणजे सलाइन. तिच्यात विरघळणारे क्षार जास्त असतात, पृष्ठभागावर पांढरी पापडी दिसते, सामू सहसा ८.५ च्या खाली असतो. मातीची घडण मात्र बिघडलेली नसते, कारण क्षारांच्या गर्दीत चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. पीक सुकतं ते ओलावा असूनही मुळांना तो ओढून घेता येत नाही म्हणून. चोपण म्हणजे सोडिक. तिथे एकूण क्षार कमीही असतील, पण मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेलेला असतो, सामू ८.५ च्या पुढे, कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि पाणी मुरतच नाही. ओली असताना ती चिकट आणि वाळली की दगडासारखी.

उपाय उलटे आहेत. क्षारयुक्त जमिनीला निचरा करून देऊन चांगल्या पाण्यानं क्षार खाली धुऊन काढायचे. चोपण जमिनीला आधी जिप्समसारख्या पदार्थातून कॅल्शियम द्यायचं, त्यानं सोडियमची जागा घेतली की मग धुवायचं. दोन्ही दोष एकत्र असलेली जमीन कोणी ‘क्षार आहेत, धुऊन टाका’ म्हणून नुसत्या गोड्या पाण्यानं धुतली, तर विरघळलेले क्षार निघून जातात, चिकटलेलं सोडियम मागे राहतं आणि माती पहिल्यापेक्षा वाईट होते. एका शब्दाच्या गैरसमजातून अशी जमीन बिघडलेली मी पाहिली आहे.

मातीचा ‘सलाइन’ आकडा ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर, म्हणजे ४००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, असा तुम्हाला पुस्तकात सापडेल. तो १९५४ च्या अमेरिकी कृषी हस्तपुस्तिकेपासून रूढ आहे आणि तो संपृक्त मातीच्या लगद्यातून काढलेल्या अर्कासाठी आहे. बऱ्याच प्रयोगशाळा सोय म्हणून मातीत दुप्पट किंवा पाचपट पाणी घालून वाहकता मोजतात. त्यात क्षार पातळ होतात आणि आकडा बराच कमी येतो. त्या आकड्याची ४ शी थेट तुलना करून ‘जमीन ठीक आहे’ म्हणणं चूक. आणि ४ ही सुद्धा सगळ्या पिकांची सीमा नाही. घेवड्याचं उत्पन्न १ च्या पुढेच घटू लागतं, कापूस आणि बार्ली ८ च्या आसपासपर्यंत तग धरतात.

तुमचं पाणी झाडांना चालेल का, याचं उत्तर आता देता येतं. २१५० मायक्रोसीमेन्स म्हणजे २.१५ डेसीसीमेन्स. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनाच्या निकषांत ०.७ च्या खाली निर्धास्त, ०.७ ते ३.० जपून, ३.० च्या वर गंभीर मर्यादा. तुम्ही मधल्या गटात आहात. वर काढलेल्या अंदाजातून सोडियम अधिशोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती याचं माप, साडेतीनच्या आसपास येतं, म्हणजे माती चोपण होण्याचा धोका कमी दिसतो. निचरा चांगला असेल आणि झाडं नाजूक नसतील तर चालेल. कुंडीला खाली भोक नसेल, तर मात्र पाणी उडत राहील आणि क्षार आत साठत जातील.

रुग्णाच्या सलाइनबद्दल. शब्द तोच आहे आणि अर्थही तोच: क्षाराचं द्रावण. नेहमीच्या बाटलीत १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम सोडियम क्लोराइड असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. ही तीव्रता रक्तद्रवाच्या परासरण दाबाच्या जवळपास असल्यानं रक्तपेशी फुगत किंवा आकसत नाहीत. शिरेतून क्षारद्रावण देण्याचा पहिला प्रयत्न थॉमस लॅटा यांनी १८३२ च्या पटकीच्या साथीत केला होता, अर्थात त्यांचं द्रावण आजच्यासारखं नव्हतं. बाटलीला ‘नॉर्मल सलाइन’ म्हणतात तेव्हा रसायनशास्त्राचे विद्यार्थी हमखास चुकतात. रसायनशास्त्रातलं एक नॉर्मल सोडियम क्लोराइड म्हणजे लिटरला ५८.४४ ग्रॅम, बाटलीतल्या द्रावणाच्या साधारण साडेसहापट. इथला ‘नॉर्मल’ नुसता रूढ शब्द आहे. ०.४५ टक्क्यांचं अर्धं सलाइन आणि ३ टक्क्यांचं तीव्र सलाइनही असतं, त्यांचे उपयोग वेगळे आणि अदलाबदल धोक्याची. म्हणूनच रुग्णालयात टक्केवारीशिवाय ‘सलाइन’ लिहिणं बरोबर नाही.

बोलताना आपण लटकवलेल्या कुठल्याही बाटलीला सलाइन म्हणतो. तिच्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच असेल, तर शास्त्राच्या भाषेत ते सलाइन नव्हेच. बोलीत ते चालतं, नोंदीत चालत नाही. सलाइन म्हणजे अल्कधर्मी का, या प्रश्नालाही ही बाटली उत्तर देते: साध्या ०.९ टक्के सलाइनचा सामू साधारण ५.५ असतो, म्हणजे ते किंचित आम्लधर्मी आहे, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. दोन्ही सलाइन, एक सातच्या खाली, एक वर. सलाइन असण्यानं अल्कधर्मी असणं ठरत नाही.

याच अर्थाचा ग्रीक वंशाचा ‘हॅलो’ हा दुसरा उपसर्गही तुम्हाला भेटेल: हॅलाइट म्हणजे सैंधवासारखं खनिज मीठ, हॅलोफाइट म्हणजे खाऱ्या जागी वाढणाऱ्या वनस्पती, हॅलोफाइल म्हणजे लवणप्रेमी सूक्ष्मजीव, थर्मोहेलाइन म्हणजे तापमान आणि लवणतेमुळे चालणारं सागरी अभिसरण. हॅलोजन म्हणजे ‘क्षार बनवणारे’.

लिहिताना काय वापरावं, तर चवीसाठी खारट, खारवट, मचूळ हे आपले शब्द उत्तम आहेत, ते चवीपुरतेच ठेवावेत. नदीमुखाजवळच्या गोड्या-खाऱ्या मिश्र पाण्याला निमखारं म्हणावं. मोजलेल्या प्रमाणासाठी लवणयुक्त किंवा सलाइन, आणि शेजारी आकडा. ‘पाणी सलाइन आहे’ याऐवजी ‘पाणी किंचित लवणयुक्त आहे, वाहकता २५ अंशाला २१५० मायक्रोसीमेन्स’ असं वाक्य असेल तर वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो.

तुमच्या पाण्यासाठी प्रयोगशाळेला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट वेगवेगळे मोजून मागा, आणि टीडीएस तोलून काढला की गुणून ते विचारा. तोवर यंत्र विकत घेण्याची घाई नको. पाणी उकळल्यावर थोडं कॅल्शियम पांढरा थर होऊन भांड्यावर बसतं, पण बाकीचे क्षार जात नाहीत, उलट थोडे दाट होतात. कठीणपणा काढणारं सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतं, म्हणजे साबणाला फेस येईल, पण पाणी तेवढंच सलाइन राहील आणि झाडांसाठी आधीपेक्षा वाईट होईल. एकूण क्षार खरोखर कमी करायचे असतील तर आरओ लागतं, आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी मूळ पाण्याहून जास्त लवणयुक्त असतं, ते झाडांना घालू नका. नमुना देताना पंप थोडा वेळ चालवून मगच बाटली भरा, आणि शक्य असेल तर एक नमुना कोरड्या दिवसांच्या शेवटी व एक पावसानंतर असे दोन द्या. उथळ बोअर असेल तर या दोन आकड्यांत मोठा फरक पडू शकतो.